अंड्याचा माग काढणारा कापडवाला

आंतोनी व्हान लेव्हेनहूक यांचा जन्म १६३२ साली हॉलंडमधील डेल्फ्ट गावी झाला. वडील टोपल्या विणत. ते लवकरच वारले. लेव्हेनहूकांनी कापडाचे दुकान काढले. विद्यापीठ पाहिले नाही, लॅटिन येत नव्हते; पण दुकान सांभाळून त्यांनी स्वतः इवलीशी भिंगे घडवली. त्यांतल्या एका भिंगातून वस्तू अडीचशे पटींहून मोठी दिसे.

धान्यातले सोंडकिडे धान्यातूनच आपोआप उपजतात, असे तेव्हा पुष्कळजण मानत. लेव्हेनहूकांनी चिकाटीने निरीक्षण करून दाखवले, की किडा अंड्यातूनच येतो. पिसवेचेही तसेच. कीटकांच्या अंड्याचे कवच आतला ओलावा राखते आणि हवाही आत जाऊ देते, हे आज आपण जाणतो.

१६७३ पासून त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्रे लिहिली, तीही आपल्या डच मातृभाषेतच. १६८० साली सोसायटीने त्यांना सदस्य करून घेतले. १७२३ साली, नव्वदी गाठून, ते वारले.

मातृभाषेतून शिकणाऱ्या आमच्या मुलांना आम्ही हे चरित्र मुद्दाम सांगतो. घरी गहू निवडताना भोक पडलेला दाणा दिसला, तर तो भिंगाखाली जरूर पाहा.