दादासाहेब फाळके

नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर या तीर्थक्षेत्री ३० एप्रिल १८७० रोजी धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म झाला. त्यांचे वडील संस्कृतचे व्यासंगी पंडित होते. पुढे वडिलांना मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात अध्यापनाचे काम मिळाले व कुटुंब मुंबईस गेले. बाळ धुंडिराजाचा ओढा लहानपणापासूनच चित्रकला, नाट्य व जादूचे खेळ यांकडे होता. १८८५ साली त्यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनातही शिक्षण घेतले. छायाचित्रण, ठसे तयार करणे, रंगीत छपाई अशा नाना विद्या त्यांनी हस्तगत केल्या.

चलच्चित्राचा शोध काही दादासाहेबांनी लावला नव्हता. फ्रान्समधील ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे १८९६ सालीच मुंबईकरांनी पाहिली होती. पुढे ख्रिस्ताच्या जीवनावरील एक चित्रपट दादासाहेबांनी पाहिला, आणि राम व कृष्ण यांच्या कथा आपल्या लोकांना अशाच पडद्यावर का दिसू नयेत, या विचाराने त्यांच्या मनाचा ठाव घेतला. अहोरात्र चाललेल्या अभ्यासाने त्यांची दृष्टी काही काळ अधू झाली. तरी निर्धार ढळला नाही. विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ साली ते लंडनला गेले. तेथील जाणकारांनी या परक्या माणसाला आपुलकीने मार्गदर्शन केले. कॅमेरा व इतर यंत्रसामग्री यांची व्यवस्था करून ते परतले.

यंत्रे आली, परंतु ती चालवावयाची कोणी? घरातील माणसे हीच दादासाहेबांची पहिली मंडळी ठरली. त्या काळी कच्च्या फिल्मच्या कडांना छिद्रे पाडलेली नसत. पत्नी सरस्वतीबाई हे किचकट काम अंधारात बसून करीत. फिल्म धुण्याची रसायनक्रियाही त्या शिकल्या. चित्रीकरणाच्या वेळी पात्रांच्या अंगावर प्रकाश परावर्तित व्हावा म्हणून त्या पांढरी चादर धरून तासन् तास उन्हात उभ्या राहत. आणि एवढे करून सर्व मंडळींचा स्वयंपाकही त्याच करीत. पैसा अपुरा पडला तेव्हा त्यांनी आपले दागिनेही दिले. त्र्यंबक तेलंग हे कॅमेरा सांभाळीत. दत्तात्रय दाबके हरिश्चंद्र झाले. दादासाहेबांचा मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. तारामतीच्या भूमिकेसाठी मात्र एकही स्त्री पुढे येईना. अखेर एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके यांना ही भूमिका देण्यात आली.

अशा रीतीने सुमारे ३,७०० फूट लांबीचा 'राजा हरिश्चंद्र' सिद्ध झाला व ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लोकांसमोर आला. त्याच वर्षी दादासाहेब आपले बिऱ्हाड नाशिकला घेऊन आले. 'मोहिनी भस्मासुर' या चित्रपटात दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई यांनी भूमिका केल्या, आणि स्त्रियांना पडद्याचे द्वार खुले झाले. १९१७ सालच्या 'लंकादहन'ने अपूर्व यश मिळविले. त्यात राम व सीता या दोन्ही भूमिका साळुंके यांनीच वठविल्या होत्या.

या यशातूनच एक कठीण प्रसंग उद्भवला. १९१८ साली भांडवलदार भागीदारांच्या साहाय्याने नाशिकला 'हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी' स्थापन झाली. आता द्रव्याची वाण नव्हती. 'श्रीकृष्णजन्म', 'कालियामर्दन' असे चित्रपट निघाले. 'कालियामर्दन'मध्ये त्यांची कन्या मंदाकिनी बाळकृष्ण झाली होती. परंतु खर्च व कारभार यांवरून भागीदारांशी मतभेद वाढत गेले. दादासाहेब कंपनी सोडून काशीस गेले. त्यांच्यावाचून कंपनीचे चालेना, आणि चित्रपटावाचून त्यांनाही चैन पडेना. काही काळाने ते परतले व पुन्हा कामाला लागले. तरी पूर्वीचे मनोमीलन काही साधले नाही. ज्या मंडळींपाशी पैसा नव्हता त्यांनी एकदिलाने हरिश्चंद्र घडविला; पैसा आला, पण एकदिली उरली नाही, तेव्हा चालते काम अडखळले.

पुढे बोलपटांचे युग आले. १९३७ साली पडद्यावर आलेला 'गंगावतरण' हा दादासाहेबांचा एकमेव बोलपट होय. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे देहावसान झाले. भारत सरकारने १९६९ पासून त्यांच्या नावाने चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च पुरस्कार देण्यास आरंभ केला. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी नाशिककरांनी त्यांचे स्मारकही उभारले आहे.

भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक म्हणून इतिहास दादासाहेबांचे नाव घेतो, आणि ते यथार्थच आहे. परंतु त्या नावाच्या मागे उन्हात पांढरी चादर धरून उभी राहिलेली एक गृहिणी आहे, कॅमेऱ्यामागचा एक सोबती आहे आणि संकोच बाजूस सारून तारामती झालेला एक उपाहारगृहातील सेवक आहे. विद्यार्थ्यांनो, कल्पना एकाच्या मनात उगवते. पण ती फळास येण्यास अनेकांचे हात लागतात, आणि ते हात एकमेकांत गुंफलेले असावे लागतात, हेच या चरित्राचे सार आहे.