पक्षांना कंपन्यांच्या देणग्या : १९५७ मध्येच धोका सांगणारे न्यायमूर्ती छागला

निवडणूक लागली की गावात बॅनर झळकतात, गाड्या फिरतात, जेवणावळी उठतात. हा पैसा येतो कुठून, हा प्रश्न चावडीवर नेहमीचाच. मुंबई हायकोर्टात तो १९५७ मध्येच आला होता. समोर होते मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला.

छागला मूळ मुंबईचेच, जन्म १९०० चा. ऑक्सफर्डला शिकून बॅरिस्टर झाले, सुरुवातीला जिनांच्या हाताखाली काम केलं. जिनांचं राजकारण धर्माच्या वाटेला लागलं तेव्हा त्यांची साथ सोडली. १९४७ मध्ये मुख्य न्यायाधीश झाले. टिळकांना १९०८ मध्ये ज्या हायकोर्टात शिक्षा झाली, तिथेच टिळकांच्या उद्गारांची पाटी १९५६ मध्ये त्यांच्याच हस्ते लागली.

तर ते प्रकरण असं. टाटांच्या पोलाद कंपनीला राजकीय पक्षांना देणगी देण्याची तरतूद आपल्या नियमावलीत घालायची होती. त्याला कोर्टाची मंजुरी लागायची. एका भागधारकानं विरोध केला. कायद्यात मनाई नव्हती, त्यामुळे छागलांनी निकाल कंपनीच्या बाजूनं दिला. पण तेवढ्यावर फाईल बंद केली नाही. हा पैसा असाच वाढत गेला तर एक दिवस लोकशाहीचाच गळा घोटेल, म्हणून देणगी कधी आणि किती द्यायची याचा विचार संसदेनं करावा, असं त्यांनी निकालातच लिहून ठेवलं. हरलेल्या बाजूचं म्हणणं इतक्या ठळकपणे मांडणारे न्यायाधीश थोडेच.

१९६० मध्ये संसदेनं कायदा बदलला. देणगीवर मर्यादा आली. कोणत्या पक्षाला किती दिले, हे कंपनीनं हिशेबात दाखवायचं ठरलं.

मधल्या काळात, १९५८ ला, आयुर्विमा महामंडळाच्या मुंदडा प्रकरणाची चौकशी छागलांकडे आली. बंद खोलीत नाही, लोकांसमोर सुनावणी घेतली. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना खुर्ची सोडावी लागली. पुढे छागला राजदूत झाले, केंद्रात मंत्री झाले. आणीबाणीलाही उघड विरोध केला. १९८१ मध्ये ते गेले.

२०१७ मध्ये कंपनीनं पक्षाचं नाव दाखवायची अट काढून टाकली गेली. २०१८ ला निवडणूक रोखे आले, देणगीदाराचं नाव जनतेपासून झाकलेलंच. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सुप्रीम कोर्टानं रोखे घटनाबाह्य ठरवले आणि महिन्याभरात कोणी किती रोखे घेतले याच्या याद्या निवडणूक आयोगाच्या वेबसाईटवर आल्या. त्या आजही मोबाईलवर बघता येतात.