होमी भाभांनी थोरियमवर डाव का लावला होता?

होमी भाभांचा जन्म 30 ऑक्टोबर 1909 चा, मुंबईतला. घरच्यांचा प्लॅन ठरलेला होता. केंब्रिजला इंजिनीअर व्हायचं आणि जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हायचं. भाभा 1927 ला गेले, इंजिनीअरिंग पूर्णही केलं, पण मग फिजिक्सकडे वळले ते कायमचेच.

1939 ला सुट्टीसाठी भारतात आले आणि महायुद्ध पेटलं. परत जाणं राहिलं. बंगलोरला काही वर्षं काढून 1945 ला त्यांनी मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी केली. 1948 ला ते अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले.

खरी अडचण इथून पुढे होती. देशात युरेनियम कमी. थोरियम मात्र केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूत भरपूर. पण ते थेट इंधन म्हणून चालत नाही.

का, ते समजायला अणूच्या पोटात शिरावं लागतं.

थोरियमच्या केंद्रकात 90 प्रोटॉन आणि 142 न्यूट्रॉन असतात. प्रोटॉन एकमेकांना ढकलतात. त्यांना बांधून ठेवणारं बल जबरदस्त, पण त्याचा हात शेजाऱ्यापर्यंतच पोहोचतो. ढकलाढकली मात्र सगळ्या केंद्रकभर चालते. शिशापर्यंत, म्हणजे 82 प्रोटॉनपर्यंत, न्यूट्रॉनची भर घालून बहुतेकांचं भागतं. त्यापुढे एकही केंद्रक कायमचं टिकत नाही. आपलेच तुकडे बाहेर फेकत राहतं. हाच किरणोत्सर्ग. थोरियम तर इतकं संथ की निम्मे अणू संपायला सुमारे 1400 कोटी वर्षं लागतात!

पण त्यात एकच न्यूट्रॉन जास्तीचा घुसवला की तोल जातो. आता निम्मे अणू 22 मिनिटांतच बदलतात. एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, इलेक्ट्रॉन बाहेर पडतो आणि प्रोटॅक्टिनियम तयार होतं. तेही तसंच बदलतं, निम्मं साधारण 27 दिवसांत. हाती येतं युरेनियम-233, आणि ते इंधन म्हणून चालतं.

हे न्यूट्रॉन पुरवायला आधी युरेनियमच्या आणि मग प्लुटोनियमच्या भट्ट्या हव्यात. म्हणून भाभांनी 1954 मध्ये तीन टप्प्यांचा आराखडा मांडला. थोरियम शेवटच्या टप्प्यात. 4 ऑगस्ट 1956 ला ट्रॉम्बेत अप्सरा अणुभट्टी सुरू झाली, तीही ब्रिटनहून आलेल्या इंधनावर.

24 जानेवारी 1966 ला व्हिएन्नाला जाताना त्यांचं विमान माँ ब्लाँ पर्वतावर कोसळलं. वय 56. घातपाताच्या थिअऱ्या अजून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात, पक्का पुरावा कुणी दिलेला नाही. तारापूरची वीजसुद्धा त्यांना बघायला मिळाली नाही.

थोरियमपासून बनवलेल्या युरेनियम-233 वर चालणारी कामिनी ही अणुभट्टी 1996 मध्ये कल्पाक्कमला सुरू झाली. तिची क्षमता 30 किलोवॉट, आणि तीही फक्त संशोधनासाठी.