विश्लेषण : लिएंडर पेसच्या टेनिस पदकाआधी ४४ वर्षे… खाशाबा जाधवांचे पदक देश का विसरला?

अटलांटा ऑलिम्पिकमध्ये ३ ऑगस्ट १९९६ रोजी लिएंडर पेसने ब्राझीलच्या फर्नांडो मेलिगेनीला ३-६, ६-२, ६-४ असे हरवून टेनिसचे कांस्यपदक जिंकले. त्याआधीच्या १९८४, १९८८ आणि १९९२ अशा तीन ऑलिम्पिकमधून भारत रिकाम्या हाताने परतला होता. त्यामुळे देशभर जल्लोष झाला. पण वैयक्तिक पदकांची यादी शोधली, तेव्हा स्वतंत्र भारताच्या खात्यात पेसच्या आधीचे एक नाव निघाले. ते नाव होते खाशाबा दादासाहेब जाधव. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल तोवर जाऊन १२ वर्षे झाली होती.

हे पदक कसे आले, त्याचा खर्च कोणी केला आणि ते विस्मरणात का गेले, हे समजून घेऊ.

कोण होते खाशाबा?

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यातील गोळेश्वर येथे झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा धाकटे. वयाच्या पाचव्या वर्षापासून वडिलांनी त्यांना आखाड्यात उतरवले. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकत असताना १९४२ची चळवळ सुरू झाली, तेव्हा भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणे, त्यांचे निरोप पोहोचवणे ही कामे या शाळकरी पोराने केली.

पुढे शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात गेले. शाहू महाराजांच्या काळापासून कोल्हापूर ही कुस्तीची पंढरी. पण खाशाबांची अंगलट लहान होती. पैलवान म्हटल्यावर जो धिप्पाड देह डोळ्यांसमोर येतो, तो त्यांच्याकडे नव्हता. त्यांचे बळ चपळाईत आणि डावात होते. प्रतिस्पर्ध्याची मान पकडीत घेऊन त्याला खाली आपटणारा ढाक हा त्यांचा हुकमी डाव.

लंडनमध्ये काय शिकले?

१९४८च्या लंडन ऑलिम्पिकसाठी त्यांची निवड झाली. त्या वेळी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात नव्हते. गोळेश्वर मुंबई प्रांतात होते, कोल्हापूर हे स्वतंत्र संस्थान होते आणि आजच्या परभणी जिल्ह्यातले वालूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात. ऑलिम्पिक संपल्यावर महिनाभराने, १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला. अशा काळात खेळाडूला परदेशी पाठवायचे, तर भार कोणा तरी राजाने उचलावा लागे. खाशाबांच्या लंडनवारीचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला.

खरी अडचण पुढे होती. खाशाबा मातीतले पैलवान, तर ऑलिम्पिकची कुस्ती गादीवर. मातीत पाय रुततो, गादीवर तो सरकतो. नियम वेगळे, गुण मोजण्याची रीतही वेगळी. अमेरिकी प्रशिक्षक रीस गार्डनर यांच्याकडून मिळालेल्या थोड्या दिवसांच्या धड्यांवर ते फ्लायवेट गटात उतरले आणि सहावे आले. तोवर त्या गटात कोणा भारतीयाने इतकी मजल मारली नव्हती. खाशाबांचे मात्र समाधान झाले नाही. परतल्यावर त्यांनी सराव वाढवला आणि वरच्या बँटमवेट, म्हणजे ५७ किलो गटाची तयारी सुरू केली.

हेलसिंकीला जायला पैसे कोणी दिले?

या चार वर्षांत एक मोठा बदल झाला. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. राजाश्रय संपला होता आणि त्याची जागा घेणारी सरकारी व्यवस्था उभी राहिली नव्हती. १९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला निघालेले खाशाबा नेमके या दोन काळांच्या फटीत सापडले.

आधी निवडीचाच प्रश्न होता. चाचणीतल्या निकालाविरुद्ध त्यांनी पटियालाच्या महाराजांकडे दाद मागितली आणि पुन्हा झालेल्या लढतीत जिंकून संघात जागा मिळवली, अशी हकिकत सांगितली जाते. मग पैशांसाठी दारोदार फिरणे आले. गोळेश्वर आणि परिसरातल्या लोकांनी ऐपतीप्रमाणे वर्गणी दिली. तरी मोठी रक्कम कमी पडत होती. तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. आपल्या एका माजी विद्यार्थ्यासाठी एका शिक्षकाने राहते घर पणाला लावले, म्हणून खाशाबा हेलसिंकीला पोहोचू शकले.

२३ जुलै १९५२ रोजी काय घडले?

टेनिसमध्ये हरला की खेळाडू बाद होतो. उपांत्य फेरीत हरलेल्या दोघांची कांस्यपदकासाठी लढत होते. पेसने आंद्रे अगासीकडून हरल्यावर अशीच लढत जिंकली. १९५२च्या कुस्तीत रीत निराळी होती. प्रत्येक लढतीच्या निकालानुसार मल्लाच्या नावावर दोषगुण जमा होत. ते ठरावीक संख्येपर्यंत पोहोचले, की मल्ल बाद. शेवटी उरलेल्यांच्या आपसातल्या निकालांवरून पदके ठरत.

खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवून पदकाच्या टप्प्यात प्रवेश केला. तिथे जपानच्या शोहाची इशीबरोबर त्यांची दीर्घ, दमछाक करणारी लढत झाली. ती त्यांनी थोडक्यात गमावली. लगेच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद ममादबेयोवसमोर उभे राहायला सांगण्यात आले. दोन लढतींमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती मिळण्याचा नियम होता. पण ते आयोजकांना ठणकावून सांगायला त्या क्षणी एकही भारतीय अधिकारी तिथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा ती लढत हरले. इशीला सुवर्ण, ममादबेयोवला रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळाले.

स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. याच स्पर्धेत कोल्हापूरचेच केशव माणगावे फेदरवेट गटात चौथे आले. म्हणजे एकाच मातीतले दोन मल्ल जगातल्या पहिल्या चौघांत होते.

मग हे पदक झाकोळले का?

दुसऱ्याच दिवशी, २४ जुलैला भारतीय हॉकी संघाने अंतिम सामन्यात नेदरलँड्सचा ६-१ असा धुव्वा उडवला. बलबीरसिंग यांनी एकट्याने पाच गोल केले. हॉकीचे सुवर्ण हा तेव्हा देशाचा अभिमान होता. त्या झगमगाटात कुस्तीचे कांस्य मागे पडले.

गावाने मात्र कसर ठेवली नाही. कराड परिसरात शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ढोल-ताशे, गुलाल, फटाके यांनी रस्ता दुमदुमला. सत्कार आटोपल्यावर खाशाबांनी पहिले काम केले ते कर्ज फेडण्याचे. कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवून, त्यात स्वतः लढून आलेल्या पैशांतून त्यांनी खर्डेकर सरांचे घर सोडवले.

पदकानंतरचे आयुष्य कसे गेले?

ऑलिम्पिक पदकविजेता असूनही नोकरीसाठी त्यांना तीन वर्षे थांबावे लागले. १९५५ मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६चे मेलबर्न ऑलिम्पिक हुकले आणि स्पर्धात्मक कारकीर्द तिथेच थांबली. पोलिसांच्या स्पर्धा त्यांनी गाजवल्या, पण बढतीची वाट लांबत गेली. सुमारे २७ वर्षांच्या सेवेनंतर ते सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ते अपघातात त्यांचा मृत्यू झाला. तेव्हा ते ५८ वर्षांचे होते. हयातीत त्यांना कोणताही पद्म पुरस्कार मिळाला नाही. अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मृत्यूनंतर दीड दशकाने.

पेसच्या पदकाने काय बदलले?

पेसचा वारसा वेगळा होता. मूळचे गोव्याचे असलेले वडील डॉ. वेस पेस १९७२च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक जिंकणाऱ्या हॉकी संघात होते, तर आई जेनिफर बास्केटबॉलपटू. खाशाबांच्या मागे एक गाव आणि एक शिक्षक उभा होता. दोघांच्या पदकाचा धातू मात्र एकच. पेसचे यश मोजताना खाशाबांचे नाव पुन्हा छापून येऊ लागले आणि उशिराच्या सन्मानांना वेग आला. २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धेवेळी दिल्लीतील कुस्तीच्या संकुलाला त्यांचे नाव देण्यात आले. त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, आता महाराष्ट्राचा राज्य क्रीडा दिन आहे.

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्यपदक जिंकले. महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळण्याची ही दुसरी वेळ. पहिल्या आणि दुसऱ्या पदकात ७२ वर्षांचे अंतर पडले. आज पदक आणणाऱ्याला कोट्यवधींचे बक्षीस जाहीर होते. खाशाबांना गरज होती ती जाण्याआधीच्या काही हजार रुपयांची आणि लढतीच्या वेळी बाजूला उभ्या राहणाऱ्या एका अधिकाऱ्याची. गावोगावच्या आखाड्यांत घाम गाळणाऱ्या मुलांची गरज आजही तीच आहे.