शीळ ते संतूर : जी. एन. जोशी यांची सुरेल वाटचाल

जुन्या काळ्या तबकडीच्या मधोमध चिकटवलेल्या गोल कागदावर गायकाचे नाव ठळक अक्षरांत छापलेले असे. त्याखाली रागाचे किंवा नाटकाचे नाव असे, आणि वर कर्ण्यासमोर बसलेला तो सुप्रसिद्ध कुत्रा. या गायकाला स्टुडिओत कोणी आणले, त्याची मनधरणी कोणी केली, कोणती चीज किती वेळात मांडायची हे त्याच्याशी बसून कोणी ठरवले, याचा उल्लेख मात्र त्या कागदावर सहसा सापडत नसे. एचएमव्ही कंपनीच्या मुंबईतील कारभारात सुमारे तीन दशके हे पडद्यामागचे काम जी. एन. जोशी यांनी केले. विशेष म्हणजे तबकडीवर स्वतःचे नाव छापून येण्याचे भाग्य त्यांना तरुणपणीच लाभले होते. ते महाराष्ट्राचे लाडके गायक होते आणि ऐन बहरात त्यांनी मायक्रोफोनपुढची जागा इतरांसाठी मोकळी केली.

व्हायोलिनवादक व गायक पंडित गजाननबुवा जोशी आणि हे जी. एन. जोशी यांच्यात अनेकांची गल्लत होते, म्हणून आधीच सांगितलेले बरे, की या दोन स्वतंत्र व्यक्ती होत. आपले जी. एन. जोशी विदर्भातले. जन्म १९०९ चा. त्यांनी कायद्याची पदवी घेतली होती आणि चारचौघांप्रमाणे वकिलीचा काळा कोट अंगावर चढवून ते सुखाने जगू शकले असते. परंतु गळा गोड होता, कवितेचे वेड होते आणि नागपूरच्या सुशिक्षित वर्तुळात कविता चालीवर म्हणण्याची हौस त्या काळी जोरात होती. रविकिरण मंडळाच्या कवींनी काव्यगायनाची गोडी महाराष्ट्रभर लावून ठेवलेलीच होती.

अशा वातावरणात त्यांच्या हाती मेहकरच्या एका तरुण कवीची कविता आली. बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर म्हणजे आपल्या मराठवाड्याच्या अगदी वेशीवरचे गाव. कवीचे नाव ना. घ. देशपांडे. तेही १९०९ सालीच जन्मलेले आणि तेही कायद्याचे पदवीधर. ‘शीळ’ ही त्यांची ग्रामीण प्रणयाची कविता जोशींनी स्वरबद्ध केली आणि १९३२ च्या सुमारास ती एचएमव्हीच्या तबकडीवर आली. मराठी भावगीताची पहिली ध्वनिमुद्रिका म्हणून तिचा उल्लेख केला जातो. कवीचा संग्रह याच नावाने १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे पुस्तक निघण्याच्या कितीतरी आधी, जवळजवळ दोन तपे, ही कविता घरोघरी ऐकली जात होती. मराठी कवितेच्या बाबतीत हे नवलच होते.

या गाण्याने असे काय केले, हे समजण्यासाठी त्याआधी काय ऐकले जात होते ते आठवावे लागेल. मराठी तबकड्यांवर तोवर नाट्यसंगीताचे अधिराज्य होते. नाटकातला नट-गायक थिएटरच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवायच्या सवयीने गाई. सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणातही मायक्रोफोन नव्हता. मोठ्या कर्ण्यात तोंड घालून जोराने गावे लागे, तेव्हा कुठे मेणाच्या तबकडीवर रेघ उमटे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या उत्तरार्धात विजेवरचे ध्वनिमुद्रण आले आणि मायक्रोफोनने कुजबुजही टिपायला सुरुवात केली. अमेरिकेत बिंग क्रॉस्बीसारखे गायक याच यंत्राच्या आधाराने हळुवार गाऊ लागले होते. भावगीताच्या जन्माची चर्चा करताना आपण कवींचे आणि चालींचे श्रेय भरभरून देतो. माझ्या मते त्यात मायक्रोफोनचाही वाटा मान्य करायला हवा. एकाच श्रोत्याच्या कानाशी बसून गायल्यासारखा तो मृदू स्वर, स्पष्ट शब्दोच्चार आणि तानांचा मोह टाळून कवितेला दिलेला मान हे जोशींच्या गाण्याचे विशेष त्या यंत्राला नेमके मानवले. पुढे गजानन वाटवे आणि त्यानंतरची पिढी ज्या वाटेने चालली, ती वाट येथे पडली.

तबकड्या खपू लागल्या, पाठोपाठ नवी गाणी आली. पुढे ज्यांना देशाने गंगूबाई हनगल म्हणून ओळखले, त्या तेव्हा गांधारी हनगल या नावाने ध्वनिमुद्रिका देत असत. त्यांच्यासोबत जोशींनी गायलेली मराठी युगुलगीतेही त्या काळी लोकप्रिय झाली. गंगूबाईंचा पुढचा भारदस्त, जवळजवळ पुरुषी आवाज ज्यांच्या कानात आहे, त्यांनी या तबकड्या मुद्दाम ऐकाव्यात. हाच तो गळा, यावर विश्वास बसणे कठीण जाते.

१९३८ मध्ये जोशी एचएमव्हीच्या सेवेत रुजू झाले. गायकाने नोकरी धरावी याचे त्या काळी कोणाला आश्चर्य वाटले नसेल, कारण गाण्यावर संसार चालवणे तेव्हाही सोपे नव्हते. परंतु ही नोकरी निराळी होती. आज ज्याला आपण रेकॉर्ड प्रोड्यूसर म्हणतो, ते पद त्या नावाने आपल्याकडे रुळलेले नव्हते. काम मात्र तेच होते. कलावंत हेरायचे, त्यांच्या घरी खेपा घालायच्या, मानधनाची बोलणी करायची, त्यांची लहर सांभाळायची, साथीदार जमवायचे आणि लाल दिवा लागला की श्वास रोखून उभे राहायचे. टेप येईपर्यंत गाणे थेट मेणाच्या तबकडीवर कोरले जाई. मध्ये कोणी खोकला, तबलजीचा ठेका घसरला किंवा गवय्याला समेवर यायला क्षणभर उशीर झाला, की सारे पुन्हा पहिल्यापासून. कापणे-जोडणे हा प्रकारच नव्हता. मुंबईत मुद्रित झालेले गाणे कलकत्त्याजवळच्या डमडम येथील कारखान्यात छापले जाई आणि मग देशभर विक्रीला जाई.

खरी पंचाईत वेळेची होती. एका बाजूला जेमतेम सव्वातीन-साडेतीन मिनिटे. ज्या गवय्याला राग मांडायला तास अपुरा पडतो, त्याला तीन मिनिटांत संपवायला सांगायचे, हे धाडसच. अनेक बुजुर्गांना तबकडीचे वावडे होते. आपली विद्या चोरीला जाईल ही भीती होती, यंत्रात गाणे कोंडले की त्याचा अपमान होतो ही भावना होती. अशांची समजूत घालायला कोरा व्यापारी चालला नसता. समोरचा माणूस स्वतः गाणारा आहे, सुराची आणि श्वासाची अडचण जाणणारा आहे, हे कलावंताला कळत असे. बडे गुलाम अली खाँ, बेगम अख्तर, हिराबाई बडोदेकर अशा किती तरी थोरांशी जोशींचा या निमित्ताने निकटचा संबंध आला. तीन मिनिटांची ठुमरी ऐकून ज्यांना खाँसाहेबांचे वेड लागले, अशा श्रोत्यांची संख्या मैफलीतून वेडे झालेल्यांपेक्षा निश्चितच मोठी असेल.

आणि काळ थांबत नव्हता. पंडित द. वि. पलुसकर १९५५ मध्ये अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेले. त्यांच्या मागे उरले ते आकाशवाणीचे काही मुद्रण आणि या तबकड्या. ज्याचे ध्वनिमुद्रण राहून गेले, तो गवई ऐकणाऱ्यांच्या आठवणीत उरतो, आणि ते ऐकणारेही एक दिवस जातात.

पन्नासचे दशक संपता संपता भारतात लाँग प्ले अर्थात एलपी तबकडी आली आणि एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक वेळ मिळू लागला. ख्यालगायकीला प्रथमच पाय पसरता आले. या सोयीचे सोने झाले ते उस्ताद अमीर खाँ यांच्या मारवा आणि दरबारी या रागांच्या एलपीत. झुमरा तालातली त्यांची अतिविलंबित, ध्यानस्थ बढत तीन मिनिटांच्या चौकटीत बसणे केवळ अशक्य होते. १९६० मध्ये निघालेल्या या एलपीमागे जोशींचे प्रयत्न होते. १९७४ मध्ये कलकत्त्यात मोटार अपघातात खाँसाहेबांचा अंत झाला. त्यांच्या हयातीत निघालेल्या एलपी इतक्या मोजक्या, की एखादी जरी निघायची राहिली असती, तरी हिंदुस्थानी संगीत किती दरिद्री झाले असते याची कल्पना करवत नाही. मारवा शिकणारा विद्यार्थी आजही त्या एलपीकडे वळतोच.

जोशींच्या निर्मितीतील सर्वांत गाजलेली ध्वनिमुद्रिका मात्र बुजुर्गांची नव्हती. ती तीन तरुणांची होती. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा हे तिघेही तेव्हा तिशीच्या आसपास होते. १९६७ ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ती हीच. काश्मीरच्या खोऱ्यातील एका मेंढपाळाच्या जीवनातला एक दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत, रागांच्या क्रमाने उलगडायचा अशी तिची कल्पना. अहिरभैरवाने उजाडायचे आणि नटभैरव, पिलू, भूप, देस करत पहाडीपर्यंत यायचे. निवेदन नाही, गायन नाही. संतूर, बासरी आणि आडवी ठेवून वाजवलेली गिटार, साथीला माणिकराव पोपटकरांचा तबला. आज या वाद्यमेळाचे कोणाला काही वाटणार नाही. तेव्हा मात्र संतुराला शास्त्रीय वाद्य मानायलाच अनेक जाणकार तयार नव्हते. १९५५ मध्ये शिवकुमारांनी मुंबईत ते प्रथम वाजवले, तेव्हापासून त्यातून मींड निघत नाही हा आक्षेप त्यांचा पिच्छा पुरवत होता. गिटार तर परक्यांचे वाद्य, सिनेमातले. अशा दोन वाद्यांवर प्रतिष्ठित कंपनीची अख्खी एलपी काढायची, तीही नामवंत उस्तादाच्या नावाशिवाय, यात जोशींनी स्वतःची पत पणाला लावली होती. ती रास्त ठरली. एलपी भारतात खपली, परदेशातही गेली. बीटल्सचे जॉर्ज हॅरिसन यांच्यासह पाश्चात्त्य रॉक संगीतातील बड्या मंडळींची नावे तिच्या चाहत्यांत घेतली जातात.

पश्चिमेत वाजवणारा माणूसच निर्माता होणे नवलाचे नाही. डीप पर्पल या ब्रिटिश हार्ड रॉक वृंदातील बेसवादक रॉजर ग्लोव्हर यांनी नाझरेथ या स्कॉटिश वृंदाची १९७३ ची ‘रझमनाझ’ ही ध्वनिमुद्रिका निर्माता या नात्याने घडवली आणि पुढे दोन्ही कामे सांभाळली. गंमत अशी, की डीप पर्पलची १९७० ची ‘इन रॉक’ ही ध्वनिमुद्रिका ब्रिटनमध्ये काढणारी ईएमआय कंपनी हीच आपल्याकडच्या एचएमव्हीचीही पालक कंपनी होती. मात्र तिकडे निर्मात्याचे नाव वेष्टनावर झळकते, त्याला विक्रीतला वाटा मिळतो. आपल्याकडे हा माणूस पगारी अधिकारी होता.

याची दुसरी बाजू आपण मराठवाड्यातल्या लोकांनी तरी विसरू नये. एका कंपनीचा बाजारावर एवढा पगडा असला, की कोणाचा आवाज तबकडीवर जाणार हे मोजक्या माणसांच्या पसंतीवर ठरते, मग ती माणसे कितीही जाणती असोत. त्यांच्या कानावर जे पडे ते मुंबई, पुणे, कोल्हापूर, धारवाड आणि उत्तरेतल्या घराण्यांचे. नांदेड आणि लातूर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. नांदेडहून मुंबईला जायचे तर मीटरगेजने मनमाड गाठून गाडी बदलायची. लातूरकर बार्शी लाईटच्या अरुंद रुळांवरून रखडत कुर्डुवाडीला पोहोचत. तबकड्या या रस्त्याने इकडे येत. इकडचा गवई त्याच रस्त्याने तिकडे जाऊन स्टुडिओपर्यंत पोहोचणे फार अवघड होते. नांदेडचे अण्णासाहेब गुंजकर यांची विद्या मुख्यतः शिष्यांच्या गळ्यातून पुढे आली. पंडित नाथराव नेरळकर हे त्या शिष्यांतले ठळक नाव, आणि नेरळकरही २०२१ मध्ये आपल्यातून गेले. याचा दोष एकट्या जोशींवर टाकणे अन्यायाचे होईल. पण ध्वनिमुद्रिकांच्या यादीला संगीताचा इतिहास समजण्याची चूक आपण करतो, ती करू नये.

निवृत्तीनंतर जोशींनी आठवणी लिहिल्या. ‘स्वरगंगेच्या तीरी’ हे त्यांचे मराठी पुस्तक आणि पुढे ‘डाऊन मेलडी लेन’ हे इंग्रजी. दोन्हींत स्वतःच्या गाण्यापेक्षा इतरांच्या गाण्याविषयीचा मजकूर अधिक आहे. कलावंतांचे हट्ट, त्यांचे मोठेपण, त्यांच्या घरातल्या बैठकी, स्टुडिओतली तारांबळ हे सारे ते समरसून सांगतात. ज्या मैफली बंद दाराआड झाल्या, त्यांचा हा साक्षीदार होता. हिंदुस्थानी संगीताच्या अभ्यासकांना ही पुस्तके अजूनही लागतात.

२२ सप्टेंबर १९९४ रोजी जी. एन. जोशी यांचे निधन झाले. तोवर तबकड्यांचा जमाना संपून कॅसेटही मागे पडू लागली होती आणि सीडी येत होत्या. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ सीडीवर आली, नंतर इंटरनेटवरही आली. तिघा वादकांपैकी काब्रा २०१८ मध्ये आणि शिवकुमार शर्मा २०२२ मध्ये गेले, तेव्हा देशभरच्या श्रद्धांजलीत या एलपीचा उल्लेख झाला. मेहकरच्या ना. घ. देशपांड्यांना ‘खूणगाठी’साठी १९८६ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि २००० मध्ये ते निवर्तले. ‘शीळ’ची जुनी तबकडी मात्र संग्राहकांकडे आहे. तिच्यावर जी. एन. जोशी हे नाव गायक म्हणून छापलेले आहे.