विश्लेषण : आधी लेकीचा ताबा गमावला, नंतर परदेशातील मुलांसाठी लढल्या, ॲनी बेझंट यांचे दोन खटले काय सांगतात?

शिक्षण आणि नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्यांत आता नांदेड, लातूरचे तरुणही दिसतात. अशा घरात पती-पत्नी वेगळे झाले, की पहिला वाद मुलाचा असतो. मूल कोणाकडे राहणार? एकाने ते परदेशी नेले, तर दुसऱ्याने कोणत्या कोर्टात जायचे? शंभर वर्षांपूर्वी हा प्रश्न थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला होता. त्या खटल्याच्या केंद्रस्थानी होत्या होमरूल चळवळीच्या नेत्या ॲनी बेझंट.

कोण होत्या ॲनी बेझंट?
त्यांचा जन्म १ ऑक्टोबर १८४७ रोजी लंडनमध्ये झाला. विसाव्या वर्षी फ्रँक बेझंट या धर्मगुरूशी त्यांचे लग्न झाले. डिग्बी आणि मेबल ही त्यांची दोन मुले. पुढे ॲनी यांचा चर्चच्या शिकवणीवरील विश्वास उडाला आणि १८७३ मध्ये दोघे वेगळे झाले. करारानुसार मुलगा वडिलांकडे, तर मुलगी आईकडे राहिली.

मेबलचा ताबा का गेला?
१८७७ मध्ये ॲनी यांनी चार्ल्स ब्रॅडलॉ यांच्यासोबत संततिनियमनावरील एक पुस्तिका प्रसिद्ध केली. अश्लीलतेचा खटला झाला आणि शिक्षाही सुनावली गेली. ती पुढे तांत्रिक मुद्द्यावर रद्द झाली. मात्र पतीने तोच आधार घेत मुलीचा ताबा मागितला. १८७८ मध्ये न्यायमूर्ती जॉर्ज जेसेल यांनी आईची नास्तिक मते आणि ती पुस्तिका यांवर बोट ठेवत मेबलला वडिलांकडे सोपवले. अपीलही फेटाळले गेले. दोन्ही मुले आईकडे परतली, ती मोठी झाल्यावरच.

दुसरा खटला कशाचा?
ॲनी १८९३ मध्ये भारतात आल्या आणि १९०७ मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीच्या अध्यक्ष झाल्या. मद्रासजवळच्या अड्यार येथे सोसायटीत काम करणारे निवृत्त तहसीलदार नारायणय्या विधुर होते. त्यांची मुले जे. कृष्णमूर्ती आणि नित्यानंद यांचे पालकत्व त्यांनी १९१० मध्ये लेखी देऊन ॲनी यांच्याकडे सोपवले. ॲनी यांनी मुलांना इंग्लंडला नेले, १९१२ मध्ये शिक्षणासाठी तिथेच ठेवले. वडिलांचे मन बदलले. मुले परत मिळावीत म्हणून त्यांनी त्याच वर्षी दावा दाखल केला.

हा वाद पती-पत्नीचा नव्हता, वडील आणि पालक यांच्यातला होता. मात्र पेच तोच होता. मूल सातासमुद्रापार आणि दावा भारतात. कधीकाळी लेक गमावलेली आई आता दुसऱ्याची मुले सोडायला तयार नव्हती.

निकाल काय लागला?
मद्रास हायकोर्टात ॲनी यांनी स्वतः बाजू मांडली, पण १९१३ मध्ये त्या हरल्या. अपीलही फेटाळले गेले. मग त्या प्रिव्ही कौन्सिलमध्ये गेल्या. मे १९१४ मध्ये तिथे निकाल उलटला. त्यातील मुख्य मुद्दे असे :

- वडिलांनी पालकत्व दुसऱ्याकडे दिले, तरी ते कायमचे जात नाही. ते परत मागता येते.
- पण मुले इंग्लंडमध्ये राहत असल्याने दावा चालवण्याचा अधिकार इथल्या जिल्हा न्यायालयाला नव्हता. वडिलांना इंग्लंडच्या कोर्टात जाण्याची मुभा होती.
- मुलांचे हित आणि त्यांची इच्छा विचारात न घेता त्यांना परत आणण्याचा आदेश देता येत नाही.

म्हणजे वडिलांचा हक्क मान्य झाला, पण मुले हाती आली नाहीत.

आज याचा संबंध काय?
त्या वेळी नांदेड, लातूर हा भाग निजामाच्या राज्यात होता. आज मात्र १८९० चा पालक व पाल्य कायदा इथेही लागू आहे. त्याच्या कलम ९ नुसार मूल सामान्यतः जिथे राहते, तिथल्याच न्यायालयात पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. न्यायालयाने नेमलेल्या पालकाला परवानगीशिवाय मुलाला त्या न्यायालयाच्या हद्दीबाहेर नेता येत नाही, असे कलम २६ सांगते.

मुलांना बेकायदा दुसऱ्या देशात नेण्याविषयीच्या १९८० च्या हेग करारात भारत सहभागी नाही. त्यामुळे परदेशी कोर्टाचा आदेश असला, तरी मूल आपोआप परत पाठवले जात नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रकरणात मुलाचे हितच सर्वोच्च असल्याचे पुन्हा स्पष्ट केले. म्हणून मूल परदेशी नेले जाण्याची शंका असेल, तर ते इथे असतानाच न्यायालयात जाणे महत्त्वाचे. विमान सुटल्यावर लढाई लांबते, खर्चही वाढतो.

पुढे काय झाले?
ॲनी यांनी सप्टेंबर १९१६ मध्ये होमरूल लीग स्थापन केली. लोकमान्य टिळकांची लीग त्याच वर्षी एप्रिलमध्ये बेळगावात सुरू झाली होती. १९१७ मध्ये ॲनी काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या. ज्या कृष्णमूर्तींना जगद्गुरू करण्यासाठी त्या झटल्या, त्यांनी १९२९ मध्ये ती भूमिका नाकारून आपल्या नावाने उभी राहिलेली संघटनाच विसर्जित केली. २० सप्टेंबर १९३३ रोजी अड्यार येथे ॲनी यांचे निधन झाले.