हृदयाला नवी वाट देणारा खेड्यातला डॉक्टर

हृदय साऱ्या देहाला रक्त पुरविते. परंतु त्याच्या स्वतःच्या स्नायूला लागणारे रक्त महारोहिणीच्या मुळाशी फुटणाऱ्या दोन रोहिण्यांतूनच मिळते. त्यांपैकी एखादी आतून अरुंद झाली की स्नायूची उपासमार सुरू होते. या विकारावरील ‘बायपास’ शस्त्रक्रियेला पद्धतशीर रूप देण्याचे श्रेय ज्या रेने फावालोरो यांना दिले जाते, ते अर्जेंटिनातील एका सुताराचे चिरंजीव होते.

१२ जुलै १९२३ रोजी ला प्लाता येथे त्यांचा जन्म झाला. आई शिवणकाम करी. १९४९ मध्ये वैद्यकीय पदवी मिळाली; तथापि रुग्णालयातील नोकरीसाठी सत्तारूढ पक्षाशी निष्ठा लिहून देण्याची अट त्यांनी मानली नाही. १९५० मध्ये ते हासिंतो आराउस या दूरच्या खेड्यात गेले आणि तेथेच बारा वर्षे राहिले. डॉक्टर असलेल्या भावाच्या साहाय्याने त्यांनी तेथे शस्त्रक्रियागृह उभारले, परिचारिका तयार केल्या, गावकऱ्यांतूनच रक्तदाते जमविले.

१९६२ मध्ये ते अमेरिकेतील क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये दाखल झाले. मेसन सोन्स यांनी १९५८ मध्ये हृदयाच्या रोहिण्यांत रंगद्रव्य सोडून त्यांचे चित्रण करण्याची पद्धत तेथेच शोधली होती. ती चित्रणे फावालोरो तासन्‌तास न्याहाळीत. अडथळा बहुधा रोहिणीच्या आरंभीच्या भागात असतो व त्यापलीकडची वाहिनी पुष्कळदा निकोप असते, हे त्यांतून दिसत होते. मग अडथळ्याशी झुंजण्याऐवजी त्याला वळसा का घालू नये? मे १९६७ मध्ये त्यांनी पायातील नीला वापरून पहिली शस्त्रक्रिया केली. लवकरच नीलेचे एक टोक महारोहिणीला व दुसरे अडथळ्यापलीकडे जोडण्याची रीत स्थिर झाली. तत्पूर्वी असे तुरळक प्रयत्न झाले होते. लेनिनग्राडमध्ये कोलेसोव्ह यांनी १९६४ मध्येच छातीतील रोहिणी या कामी योजिली होती. परंतु ही शस्त्रक्रिया जगभर रूढ झाली ती क्लीव्हलंडच्या कामामुळे.

या शस्त्रक्रियेत जोड कोठे व कसा दिला, यावरच रक्तप्रवाह अवलंबून असतो. नीलेत एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात. म्हणून ती उलटी करूनच जोडावी लागते. जोडाच्या पुढची वाहिनी बारीक वा रोगट असेल, तर रक्ताला पुढे जाण्यास वाव राहत नाही. मूळ अडथळा किरकोळ असेल, तर जुन्या वाटेचा प्रवाह नव्या वाटेशी स्पर्धा करतो. नवीतील प्रवाह मंदावतो आणि ती बंद पडण्याचा संभव वाढतो. म्हणजे गरज नसताना घातलेला वळसाही निरुपयोगी ठरू शकतो.

१९७१ मध्ये अमेरिकेतील प्रतिष्ठेचे स्थान सोडून फावालोरो मायदेशी परतले. १९७५ मध्ये त्यांनी प्रतिष्ठान स्थापिले. १९९२ मध्ये ब्वेनोस आयरिस येथे त्याची वैद्यकीय संस्था सुरू झाली. संशोधन, अध्यापन आणि ऐपत नसलेल्यांवरही उपचार, असे तिचे ध्येय होते. परंतु देश आर्थिक संकटात सापडला. झालेल्या उपचारांचे पैसे सार्वजनिक विमा संस्थांनी थकविले आणि प्रतिष्ठान कर्जात बुडाले. मदतीच्या याचना निष्फळ ठरल्या. २९ जुलै २००० रोजी फावालोरो यांनी आपली जीवनयात्रा संपविली.

त्यांची संस्था पुढेही टिकली, त्यांची शस्त्रक्रिया तर जगभर होते. तथापि निष्णात हात आणि निःस्वार्थ वृत्ती यांच्या बळावरच लोकांचे आरोग्य चालेल, असे मानणाऱ्या शासनांना या जीवनकथेने कठोर उत्तर दिले आहे. गरिबावरील उपचाराचे मोल कोणी तरी वेळेवर चुकते करावेच लागते. समाजाने ते टाळले, तर त्याचा भार उपचार करणाऱ्याच्या माथी येतो.